कसर

तिबिलिसीतल्या या इमारतीत, चौथ्या मजल्यावर,
माझं काम सुईदोऱ्याचं.
लोकांना वाटतं, शास्त्र म्हणजे भिंगं आणि लॅटिन.
माझ्या वाट्याला जाड कागद, पांढरा दोरा,
देठावरून एक टाका, मागे गाठ.
गाठ पानाखाली येता कामा नये.
बस, एवढंच.

ऊशांगी गेले त्याला दोन हिवाळे झाले.
त्यांच्या एकशे बारा जुड्या तशाच पडून होत्या,
सुतळीनं करकचून बांधलेल्या.
आधी आठवडाभर फ्रीझरमध्ये, उणे वीसला,
आत कुणी जिवंत असेल तर मरावं म्हणून.
मग माझ्या टेबलावर.

माणूस म्हणजे नमुनाच होता.
सत्तराव्या वर्षीसुद्धा स्वानेतीच्या उतारांवर
दाबाच्या फळ्या पाठीला बांधून चढायचा.
पाऊस आला की अंगातला रेनकोट काढून
फुलांवर घालायचा, आणि मग महिनाभर खोकायचा.
विद्यार्थ्यांवर एकाच गोष्टीसाठी ओरडायचा:
रंग लगेच लिहा!
आकार राहतो, लव राहते, बीसुद्धा राहतं,
रंग तेवढा घरापर्यंत येत नाही.

म्हणून त्यांच्या चिठ्ठ्यांवर
उंची, उताराची दिशा, खडक, आणि मग:
'निळा. दौतीच्या तळाशी उरतो तसा.'
'पिवळा, पण आजारी नव्हे.'
'जांभळा. नाझिब्रोलाच्या कोटाला काय म्हणतात ते विचारणे.'
माझा कोट.
आणि चिठ्ठीशेजारी फूल,
चहाच्या चोथ्यासारखं.

फुलं वर्तमानपत्रात दाबतात. ओल पितं, स्वस्त असतं.
त्यामुळे जुडी उघडली की आधी बातमी दिसते.
ब्याण्णव सालच्या जुडीत
पहिल्या पानावर मेलेल्यांची यादी,
आणि यादीवर आडवी झोपलेली
घंटेसारखी पाच फुलं, एक कळी.
त्या हिवाळ्यात वीज नव्हती, गॅस नव्हता,
पावाच्या रांगेत पहाटे चारला उभं राहायचं.
शेजारच्या विभागानं कपाटं जाळली.
खोटं कशाला बोलू, एक फळी मीही जाळली.
तिच्यावरचे कागद आधी उतरवले, एकेक करून,
बोटं वाकत नव्हती तरी.
ऊशांगी शेकोटीपाशी हात चोळत म्हणाले,
फळ्या परत मिळतात.

आज जुडी सत्त्याऐंशी.
सुतळी सोडली तर मांडीवर भुसा सांडला.
कसर.
कधी लागली कोण जाणे,
फ्रीझरनं मारली ती पोट भरलेली होती.
वर्तमानपत्रावर उरली होती नुसती सावली:
तपकिरी देठ, दोन पानांचे डाग,
फूल असावं तिथे एक तेलकट गोल.
चिठ्ठी मात्र शाबूत.
खिंडीच्या पलीकडे, चुनखडी, वारा फार.
आधी कधी पाहिलं नाही.
आणि रंगाच्या जागी, त्याच ओरडणाऱ्या माणसाच्या अक्षरात:
'नाझिब्रोलाला तोंडी सांगेन.'

सांगितलं का?
मी आठवत बसले.
तीस वर्षं आम्ही डिंकाबद्दल बोललो,
त्यांच्या गुडघ्याबद्दल, घरभाड्याबद्दल.
कदाचित सांगितलं असेल एखाद्या दुपारी,
दाराशी उभं राहून, चिखलाच्या बुटांनी,
आणि मी दातात दोरा धरून
हं म्हटलं असेल.

तोर्निके नवा आहे, संगणकवाला.
म्हणाला, मावशी, डागाचा काय फोटो काढू?
झाडच नाही तर नोंद कशाची?
नियम त्याच्याच बाजूनं आहे.
कसर भरून निघते असं म्हणतात,
कशानं, ते कुणी सांगत नाही.

मी वर्तमानपत्राचा तेवढा तुकडा कापला,
जाड कागदावर ठेवला,
आणि नसलेल्या देठावरून टाका घातला.
एक खाली. एक जरा वर, जिथे तो वळला असावा.
मागे गाठ.
क्रमांक दिला.
तोर्निकेनं फोटो काढला, काही न बोलता.

आता अठ्ठ्याऐंशी.
हिची सुतळी सैल आहे,
कुणीतरी मध्येच उघडून पाहिल्यासारखी.